आंतरशालेय स्पर्धेचा इतिहास कसा लिहावा

आपल्या भागातील जुन्या आंतरशालेय स्पर्धेचा इतिहास लिहिण्याचे काम, महोत्सवी वर्ष तोंडावर आले की, सहसा एखाद्या क्रीडाशिक्षकाच्या गळ्यात पडते आणि त्या वेळी सरांच्या हाती एक स्मरणिका, चार पिवळे पडलेले फोटो आणि इतरांनी सांगितलेल्या भरपूर आठवणी एवढेच असते. अशा वेळी आठवणी बाजूला ठेवून प्रथम फिरती ढाल कपाटातून बाहेर काढावी. तिच्यावरच्या पट्ट्यांवर वर्ष आणि विजेत्या शाळेचे नाव कोरलेले असते. ते जसे आहे तसे, कोरणाऱ्याच्या चुकांसकट, वहीत उतरवून घ्यावे. जिथे लाकडात दोन बारीक खिळ्यांची छिद्रे दिसतात आणि पट्टी मात्र नाही, तिथली जागाही नोंदवावी, कारण पट्टी गळून पडणे आणि त्या वर्षी स्पर्धाच न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वर्षाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. शालेय हंगाम जूनपासून मोजला जातो, त्यामुळे फेब्रुवारी १९८८ मधील सामना १९८७-८८ च्या हंगामात पडतो. एका यादीत वर्तमानपत्राची तारीख आणि दुसरीत हंगाम धरला, तर एकच विजेतेपद दोनदा मोजले जाते. म्हणून सुरुवातीलाच हंगामाचे जोडवर्ष ठरवावे आणि शेवटपर्यंत तेच पाळावे.

त्यानंतर स्पर्धा कोणाची, हे निश्चित करावे. मुंबईत येथेच सर्वाधिक घोळ होतो. मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन ही १८९३ पासूनची संस्था. सोळा वर्षांखालील मुलांची हॅरिस शिल्ड आणि चौदा वर्षांखालील मुलांची जाइल्स शिल्ड या तिच्या क्रिकेट स्पर्धा. यांपैकी पहिलीला १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिस यांचे नाव आहे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत होणाऱ्या शासकीय शालेय स्पर्धा या त्यांहून निराळ्या, आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या स्पर्धा आणखी निराळ्या. पृथ्वी शॉ याच्या २०१३ मधील ५४६ धावा हॅरिस शिल्डमधील आहेत. प्रणव धनावडे याच्या जानेवारी २०१६ मधील नाबाद १००९ धावा मात्र कल्याणला, भंडारी चषकात झालेल्या आहेत. दोन्ही खेळी ‘शालेय क्रिकेट’ या एकाच मथळ्याखाली टाकणारे लेख मी अनेकदा पाहिले आहेत. आपल्या इतिहासात तसे होऊ देऊ नये.

शाळांच्या नावांसाठी स्वतंत्र तक्ता करावा. दादरच्या हिंदू कॉलनीतील किंग जॉर्ज हायस्कूल पुढे राजा शिवाजी विद्यालय झाले, हे ज्याला ठाऊक नाही तो दोन शाळांची विजेतेपदे वेगवेगळी मांडून मोकळा होतो. जिल्ह्यांचेही तसेच: मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा १९९० मध्ये झाला, त्यामुळे त्याआधीच्या ‘जिल्हास्तरीय’ विजेतेपदाचा अर्थ आजच्यापेक्षा निराळा आहे.

आकडे आले की ते पडताळल्याशिवाय छापू नयेत, आणि पडताळणीला बेरीज-वजाबाकी पुरते. उदाहरणादाखल सर्वांना पाठ असलेला सामना घ्यावा. आझाद मैदानावर शारदाश्रम विद्यामंदिराने सेंट झेवियर्सविरुद्ध २ बाद ७४८ वर डाव घोषित केला. त्यात सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९ आणि दोघांची अभेद्य भागीदारी ६६४ धावांची. ७४८ मधून ६६४ वजा केले की ८४ उरतात, म्हणजे दुसरा गडी ८४ वर बाद झाला. पण ३२६ आणि ३४९ यांची बेरीज ६७५ होते, भागीदारीपेक्षा ११ ने जास्त. याचा अर्थ दोघांपैकी आधी मैदानात उतरलेल्याने निदान ११ धावा भागीदारीपूर्वीच केल्या होत्या. आकडे असे एकमेकांशी बोलू लागले की स्कोअरबुकावर विश्वास ठेवता येतो. आणि हो, हा सामना हॅरिस शिल्डच्या उपांत्य फेरीचा होता. गप्पांमध्ये तो हमखास ‘फायनल’ होतो.

स्कोअरबुक मिळेलच असे मात्र नाही. एका शाळेत मी जुनी क्रीडा-रजिस्टरे पाहायला गेलो, तेव्हा रंगकामाच्या वेळी ती रद्दीत गेल्याचे शिपायाने शांतपणे सांगितले. तेवढ्याच शांतपणे त्याने जिन्याखालची एक पेटी दाखवली आणि तिच्यात बारा वर्षांच्या प्रवेशिका निघाल्या. प्रवेशिकेवर खेळाडूचे नाव, जन्मतारीख आणि मुख्याध्यापकांची सही असते, त्यामुळे संघ कसा होता हे तिच्यातून कळते. जन्मतारखा मात्र छापू नयेत. त्या वयोगट तपासण्यापुरत्याच आहेत. शाळेत काहीच नसेल तर वर्तमानपत्रांकडे वळावे. लोकसत्ता १९४८ पासून आणि महाराष्ट्र टाइम्स १९६२ पासून निघतो. त्याआधीच्या काळासाठी टाइम्स ऑफ इंडिया आणि नवाकाळ चाळावेत. जुन्या अंकांसाठी फोर्टमधील एशियाटिक सोसायटी आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय येथे चौकशी करावी. अंतिम सामन्याची तारीख ढोबळ माहीत असल्याशिवाय तिथे जाऊ नये, नाहीतर पाने उलटण्यातच दिवस जातो.

नियम बदलले तेव्हाची इतिवृत्ते मिळाली तर ती सोन्यासारखी जपावीत. मॅट्रिक अकरावीला होती त्या काळातला शाळकरी खेळाडू आणि आजचा दहावीचा खेळाडू यांची तुलना वयोमर्यादा सांगितल्याशिवाय करता येत नाही. रिकामी वर्षेही कारणासह लिहावीत. करोनामुळे २०२०-२१ मध्ये बराच काळ वर्गच भरले नाहीत, तर मैदानावर संघ कुठून येणार?

आठवणींची पाळी सगळ्यात शेवटी येते. माजी खेळाडूंना भेटताना तयार केलेली यादी सोबत न्यावी आणि ‘काय आठवते?’ असे मोघम विचारण्याऐवजी ‘त्या वर्षी यष्टिरक्षक कोण होते?’ असे नेमके विचारावे. मसुदा छापायला देण्यापूर्वी शक्य असेल तर एखाद्या जुन्या स्कोअररला वाचून दाखवावा. खेळाडूंच्या नावांच्या आद्याक्षरांतल्या चुका तोच काढतो.