शंभरपर्यंत म्हणतो, पण पाच चिंचोके देत नाही

"आमचा शंभरपर्यंत म्हणतो की बाई," असं कुणी कौतुकानं सांगितलं की मी चिंचोक्यांचा डबा पोरापुढे सरकवते. "मला पाच दे." चार वर्षांचं पोर बहुतेक वेळा मूठ भरून देतं आणि खुशाल बसतं. आईचा चेहरा पडतो. पडायचं काही कारण नाही, कारण म्हणणं आणि मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पहिली-दुसरी शिकवण्यातच माझी सगळी नोकरी झाली, म्हणून सांगते.

मुलाला आधी 'एक' म्हणजे किती ते कळतं. काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन'. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळे मिळून तेवढे, हे त्याच्याही नंतर उमगतं. केरन विन या अमेरिकन संशोधिकेनं 1990 च्या सुमारास लहान मुलांकडून अशाच वस्तू मागून हा क्रम दाखवला. दटावून तो लवकर उरकता येत नाही. सवय मात्र लावता येते.

सुरुवात तिनानं करा, दहानं नको. एकेक चिंचोका बोटानं बाजूला सारत आकडा म्हणायला लावा. झालं की वर हात झाका आणि विचारा, "किती आहेत?" हात उचलून पुन्हा एकपासून सुरू केलं, तर अजून पिकलं नाही. डबा ठेवून द्या, उद्या बघू.

त्याहून बरं म्हणजे जेवणाच्या वेळी काम सांगा. "चार वाट्या आण" असं नको, "सगळ्यांना पुरतील एवढ्या वाट्या आण" म्हणा. शेजारच्या घरी एक पोरगी वाट्या घेऊन आली, प्रत्येकासमोर एकेक ठेवत गेली आणि काकापाशी येऊन थांबली. हात रिकामा. आजी म्हणाली, "काय करूलास गं?" "काकाला वाटी नाय." आत जाऊन एकच वाटी घेऊन आली. चूक कुणी दाखवली नाही, ताटानं दाखवली. आजी उठून वाटी द्यायला निघाली होती, तिला मीच बसवलं. आमच्याकडे मोठ्यांना तेवढा धीर नसतो.

विचारण्याचीही एक रीत आहे. समोरासमोर सारख्या दोन रांगा मांडा, मूल म्हणतं सारख्याच. मग तुम्ही एक रांग पसरून पुन्हा विचारता, "आता?" आणि ते म्हणतं, ही जास्त. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी यावरून लहान मुलांना संख्या टिकून राहते हे कळत नाही, असं मांडलं. पण 1974 मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या संशोधकांनी रांग एका खोडकर टेडीकडून विस्कटवली, तेव्हा पुष्कळ जास्त मुलांनी बरोबर सांगितलं. मोठं माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारतंय म्हणजे आधीचं उत्तर चुकलं असणार, असा पोरांचा हिशेब. तेव्हा बरोबर उत्तरावर "नक्की का?" म्हणू नका.

आता आपल्या सीमाभागातली गोष्ट. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना वीसातला दोन आधी. म्हणून पोरं 25 च्या जागी 52 लिहितात. कन्नडमध्ये इप्पत्तैदु, म्हणजे वीस आधी, पाच मागून, लिहितो तसंच. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. आपल्या पोरांच्या कानावर तर ती रीत बाजारात रोज पडते. शेजारच्या अक्कांबरोबर ती कन्नडमध्ये मोजत असतील तर मोजू द्या, "मराठीत म्हण" असं मध्येच तोडू नका. मराठी नावं घरात येणारच आहेत. वीसच्या पुढं मी काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधते: दोन जुड्या, पाच सुट्या. आधी जुड्या मांडायच्या, मग पंचवीस म्हणायचं.

दिवाळीत पोरं किल्ला करतात, तेव्हा मावळे त्यांनाच वाटू द्या, प्रत्येक बुरुजावर दोन-दोन. कमी पडले तर भांडतील. भांडू द्या, त्यातच वाटणी शिकतात.

पाटीवर आकडे गिरवायला बसवणं सगळ्यात शेवटी. घाई असेल तर ती शाळेच्या माथी मारा.