विसाहिकॉनवर ट्राउट धरायला जायचंय? मग आधी एवढं जमवून ठेवा

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी ८ वाजता पेनसिल्व्हेनियात ट्राउटचा (थंड पाण्यातला मासा) सीझन उघडतो, आणि फिलाडेल्फियात राहणाऱ्याने त्यासाठी पोकोनोच्या डोंगरापर्यंत गाडी हाणायची काही गरज नाही. शहराच्या हद्दीतच विसाहिकॉन क्रीक आहे, झाडीतून वाहत शूलकिलला मिळणारा छोटासा ओढा, आणि राज्याचं फिश अँड बोट कमिशन दर वसंतात त्यात हॅचरीतले, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले ट्राउट आणून सोडतं. शहराच्या नॉर्थईस्ट भागात राहत असाल तर पेनीपॅक क्रीक आहे, तिथेही सोडतात. पार्कातला ओढा म्हणून हातात काठी घेतली आणि निघालो असं मात्र करू नका. इथे मासा लागणार की नाही ते बरंचसं आदल्या आठवड्यात घरीच ठरतं, आणि त्यातलं निम्मं काम सामान कमी करण्याचं आहे.

सगळ्यात आधी कागद. १६ किंवा जास्त वय असेल तर फिशिंग लायसन्स लागतं आणि ट्राउटसाठी त्याच्यावर वेगळं ट्राउट परमिट लागतं. लायसन्स काढून खूश होतात लोक आणि परमिट विसरतात, तेव्हा दोन्ही एकदमच घ्या, राज्याच्या साइटवर घरबसल्या मिळतं नाहीतर स्पोर्ट्सच्या दुकानात. लायसन्स ३१ डिसेंबरला संपतं, त्यामुळे ते वर्षाच्या सुरुवातीलाच काढलेलं परवडतं, ऑगस्टमध्ये काढलं तरी पैसे तेवढेच. प्रिंट काढून झिपलॉकच्या पिशवीत घाला आणि जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवून द्या, दरीत फोनला रेंज मिळेलच असं नाही आणि ओल्या हातांनी फोन उघडतही नाही.

आता भारतातून आईबाबा आलेले असतील तर हे नीट वाचा, कारण आपल्याकडचे बहुतेक पाहुणे एप्रिल-मेमध्येच येतात. बाबांनी नुसतं शेजारी दगडावर बसून सल्ले दिले तर काही लागत नाही, पण काठी हातात घेतली की त्यांनाही लायसन्स आणि परमिट लागणार. टुरिस्ट लायसन्स मिळतं, पण एका दिवसाचं जे आहे ते एप्रिल महिन्यात चालत नाही, तीन किंवा सात दिवसांचं घ्यावं लागतं. एवढा खर्च नको असेल तर मेमोरियल डेच्या (मेअखेरची सुट्टी) वीकेंडचा रविवार आणि ४ जुलै हे साधारण फुकट मासेमारीचे दिवस असतात, तेव्हा लायसन्सही नको आणि परमिटही नको, बाकीचे नियम मात्र तेच. तारखा कमिशनच्या साइटवर एकदा बघून घ्या. मुलांसाठी सीझनच्या आदल्या शनिवारी मेंटर्ड यूथ डे असतो, १६ वर्षांखालच्या पोरांचं फुकटचं परमिट काढायचं आणि बरोबर लायसन्स-परमिटवाला मोठा माणूस हवा. मला विचाराल तर पोरांना घेऊन त्याच दिवशी जा, गर्दी कमी आणि पाण्यात मासे ताजे सोडलेले, पोराला पहिला मासा मिळायचा चान्स त्या दिवशी सगळ्यात जास्त.

तारखेचं अजून एक. फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारनंतर सीझन उघडेपर्यंत, मुलांचा तो एक दिवस सोडला तर, असले ट्राउट सोडलेले ओढे बंद असतात. बंद म्हणजे पूर्ण बंद, मी धरून परत सोडणार आहे हो, असं म्हणूनही चालत नाही. मार्चमध्ये ऊन छान पडलं म्हणून जाऊन बसाल आणि दंड भरून याल. आणि पहिल्याच शनिवारी ८ च्या ठोक्याला जायचा हट्टही धरू नका. खांद्याला खांदा लावून लोक उभे असतात, एकाची दोरी दुसऱ्याच्या दोरीत, गणपतीच्या मांडवातल्या रांगेसारखी तऱ्हा. सीझन उघडल्यावरही कमिशन अधूनमधून मासे सोडत राहतं आणि त्याचं वेळापत्रक साइटवर टाकतं, ते बघून नंतरच्या आठवड्यातला एखादा मधला वार पकडा. ऑफिसला एक सकाळ दांडी मारलेली चालते.

आता काठी. गावाकडे बांबूला दोरी बांधून गळ टाकलेला माणूस इथल्या दुकानात गेला की त्याला सगळंच लहान वाटतं आणि तो मोठी, मजबूत काठी उचलून आणतो. नको. हॅचरीतला ट्राउट सरासरी ११ इंचाच्या आसपास असतो, त्याला पाच-साडेपाच फुटांची अल्ट्रालाइट (एकदम हलकी) स्पिनिंग रॉड आणि दोरी गुंडाळायचं छोटं रील पुष्कळ झालं. ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी फांद्या खाली आलेल्या आहेत, लांब काठी त्यातच अडकत बसते. दोरी चार पाउंडाचा ताण सोसणारी मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनची, सहाच्या वर जाऊच नका. एप्रिलमध्ये पाणी निवळ असलं की जाड दोरी माशाला दिसते आणि जाड दोरीने आमिष प्रवाहात मोकळं वाहतही नाही, आणि हे दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं आहे. मागच्या वर्षीची दोरी रीलवर तशीच असेल तर काढून टाका, वळ्या धरलेल्या असतात. नवी दोरी घरी टीव्हीसमोर बसून गुंडाळा. रीलचा ड्रॅग (दोरी सुटायचा ब्रेक) सैल ठेवा, हाताने ओढल्यावर दोरी कुरकुरत सुटली पाहिजे, घट्ट ठेवलात तर चार पाउंडाची दोरी पहिल्या झटक्यात तुटेल.

हुक घेताना एक गंमत लक्षात ठेवा, नंबर जितका मोठा तितका हुक बारीक. १० आणि १२ नंबरचे घ्या, पाकीटभर घ्या, कारण तळाला दगड आणि पडलेली झाडं आहेत, हुक जाणारच. वजनासाठी दोरीवर चिमटून लावायचे बारीक स्प्लिट शॉट, शिशाऐवजी टिनचे मिळाले तर बरं, बदकं तळ चाळत असतात. हुकपासून वीत-दीड वीत वर एक मणी लावायचा, आमिष तळाला घासत घासत पाण्याच्या वेगाने गेलं पाहिजे, मध्येच थांबलं तर वजन जास्त झालंय, वरवरच तरंगलं तर कमी. दोन-चार वेगवेगळ्या साइजचे मणी डबीत असले की तिथल्या तिथे जमवता येतं. ट्राउट लागत नाही म्हणून लोक आमिष बदलत बसतात, मी म्हणतो आधी वजन बदला. गाठ एकच येऊ द्या, क्लिंच नॉट, पाच-सहा वेढे आणि आवळायच्या आधी थुंकीने ओली करायची, कोरडी आवळली की दोरी तापून तिथेच कमजोर होते. ही गाठ घरी डोळे मिटून जमेपर्यंत मारून बघा कारण सकाळी सातला बोटं इतकी गारठतात की हुकच्या भोकात दोरी जाता जात नाही.

आमिषाचं म्हणाल तर वाहत्या पाण्यात वॅक्सवर्म (दुकानात मिळणारी पांढरी अळी) नाहीतर लाल गांडूळ, संथ डोहात पॉवरबेट, म्हणजे डबीतलं तयार मऊ आमिष. गांडूळ अख्खं नको, छोटा तुकडा. गांडूळ हातात धरवत नाही असे आपल्यात बरेच आहेत, घरात शाकाहारी वातावरण असलं की डबा फ्रिजमध्ये ठेवण्यावरूनच वाद होतो, त्यांनी पॉवरबेट घ्यावं, ते कणकेच्या गोळ्यासारखंच वळून हुकला लावायचं असतं, हुक पूर्ण झाकला गेला पाहिजे. नाहीतर डब्यातले मक्याचे दाणे, एका हुकला एक-दोन, हॅचरीतला मासा गोळ्या खाऊन वाढलेला असतो, त्याला गोल पिवळं काहीही चालतं निदान पहिले काही दिवस. पाण्यात राहून आठवडे झाले की तो शहाणा होतो आणि मग गांडूळच बरं. दोन-तीन छोटे स्पिनरही (गरगर फिरणाऱ्या पात्याचं धातूचं आमिष) डबीत टाका, एक अष्टमांश औंसाहून हलके, एक सोनेरी, एक चंदेरी, पाणी थोडं गढूळ असेल तर तेच चालतात. कधीकधी पाण्यात पिवळाधमक मासा दिसतो, तो गोल्डन रेनबो, लांबून दिसतो म्हणून दहा जण त्याच्यावरच दोऱ्या टाकत असतात आणि तो ढिम्म हलत नाही. त्याच्या मागे सकाळ घालवू नका, त्याच्या आजूबाजूला न दिसणारे साधे रेनबो आणि ब्राउन जातीचे ट्राउट असतात ते धरा.

बारीकसारीक सामानात नेल कटर (दोरी कापायला यासारखं काही नाही), हुक काढायचा लांब चोचीचा चिमटा, रबरी जाळीचं छोटं नेट, मोजपट्टी, जुना टॉवेल आणि कचऱ्याला एक पिशवी. मोजपट्टी म्हणजे शोभेची नव्हे, ७ इंचाच्या आतला ट्राउट ठेवता येत नाही. नेहमीच्या सीझनमध्ये दिवसाला ५ आणि लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) ३, सगळ्या जातींचे मिळून. आणि ठेवायचा म्हणून बाजूला टाकलेला मासा मोजलाच जातो, पुढे मोठा मिळाला म्हणून लहान सोडून देऊ अशी अदलाबदल नाही करायची. तुटलेली दोरी पिशवीत घालून परत आणा, पक्ष्यांच्या पायात अडकते. हे सगळं एका लहान सॅकमध्ये बसलं पाहिजे, बसत नसेल तर काहीतरी जास्तीचं घेतलंय.

कपडे थरावर थर. एप्रिलच्या सकाळी ५ डिग्री सेल्सियस असू शकतं आणि दुपारी टीशर्टवर याल. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट पुरतात, छातीपर्यंतचे वेडर (पाण्यात उतरायचे जलरोधक पोशाख) घ्यायची इथे गरज नाही, विसाहिकॉनचे दगड शेवाळलेले आणि गुळगुळीत आहेत, पाण्यात जितकं कमी उतराल तितकं बरं. पोलराइज्ड गॉगल मात्र हवाच, पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो. आणि टिक्स, म्हणजे गोचिड, याबाबतीत हयगय नको, पेनसिल्व्हेनियात त्यांच्या चाव्याने होणारा लाइम डिसीज भरपूर आहे, फुलपँट मोज्यात खोचा, फिकट रंग घाला म्हणजे किडा दिसतो, पायाला रिपेलंट मारा आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासा. अंगाला लागला की खाज सुटणारा तीन पानांचा पॉयझन आयव्ही वसंतात नुकता फुटत असतो, तोही ओळखून ठेवा.

आदल्या रात्री दोनच गोष्टी बघायच्या. पाऊस पडून गेलाय का, आणि यूएसजीएसच्या (अमेरिकेचं सरकारी भूगर्भ सर्वेक्षण) साइटवर विसाहिकॉनच्या मुखाजवळच्या गेजचा, म्हणजे पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा काय म्हणतो. वरच्या अंगाला सगळी उपनगरं, रस्ते आणि पार्किंग लॉट, पाणी मुरायला जागाच नाही, त्यामुळे जोराची सर आली की ओढा काही तासांत चढतो आणि चहाच्या रंगाचा होतो. ग्राफ सरळ वर गेलेला दिसला तर गजर बंद करून झोपा. तो उतरायला लागला असेल आणि पाणी हलकं गढूळ असेल तर मात्र नक्की जा, तेव्हा मासा बिचकत नाही.

गाडीचं म्हणाल तर व्हॅली ग्रीन रोडवरची पार्किंग सगळ्यांना माहीत असल्यामुळे लवकर भरते, बेल्स मिल रोड नाहीतर नॉर्थवेस्टर्न अॅव्हेन्यू बघा. तिथून फॉरबिडन ड्राइव्हने चालायचं, खडीचा रुंद रस्ता ओढ्याच्या कडेकडेने जातो आणि गाड्यांना बंदी, पण धावणारे, सायकलवाले, घोडेवाले आणि कुत्रीवाले सगळे असतात, म्हणून काठी मागे फेकताना आधी मान वळवून बघा. बेल्स मिल आणि व्हॅली ग्रीनच्या मध्ये थॉमस मिलचा लाल रंगाचा, वर छप्पर असलेला लाकडी पूल लागतो, पाहुण्यांना फोटोसाठी तो दाखवा आणि तुम्ही पुढे जा. जुन्या गिरण्यांच्या बंधाऱ्यांखाली, मोठ्या दगडांच्या मागे आणि जिथे वेगाचं पाणी संथ पाण्याला घासतं त्या रेषेवर मासा उभा असतो. कुणी आधीच उभं असेल तर विचारून मगच शेजारी थांबा, नुसतं गुड मॉर्निंग एनी लक म्हटलं तरी काम होतं, आणि म्हातारे लोक तर बोलायला लागले की कुठल्या डोहात काय लागतंय तेही सांगून टाकतात.

मासा घरी न्यायचा असेल तर छोटा कूलर आणि बर्फ गाडीत ठेवा आणि पोट तासाभरात साफ करा, ट्राउटचं मांस नाजूक, लगेच मऊ पडतं. खवले इतके बारीक की काढायची गरज नाही, कल्ले काढायचे आणि पाठीच्या कण्याला लागून काळपट रक्ताची रेघ असते ती अंगठ्याच्या नखाने खरवडायची, गोड्या पाण्याच्या माशाला वास येतो म्हणून जे नाक मुरडतात त्यांचा अर्धा वास त्या रेघेत असतो. चिरा पाडून हळद, मीठ, तिखट, आणि आगळ लावणार असाल तर दहा मिनिटंच, बांगड्याला ठेवतो तसं तासभर ठेवलं तर तव्यावर फुटतो. वर तांदळाचं पीठ किंवा रवा. राज्याचा सल्ला असा की नदी-ओढ्यात धरलेल्या माशाचं जेवण आठवड्याला एकदाच, म्हणजे साधारण अर्धा पाउंड, तेव्हा पाचच्या पाच आणून पाहुण्यांना रोज वाढू नका.

आणि हे सगळं मेच्या मध्यापर्यंत उरकायचं. पाणी २० डिग्री सेल्सियसच्या वर गेलं की ट्राउटला दम लागतो, धरून सोडलेलाही मरतो, आणि विसाहिकॉन उन्हाळ्यात चांगलाच तापतो. पाच-दहा डॉलरचा थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडून बघा, आकडा २० दाखवत असेल तर ट्राउटचा हुक काढून ठेवा आणि त्याच काठीवर सनफिश नाहीतर स्मॉलमाउथ बास धरा, फुकट मासेमारीच्या त्या दोन दिवशीही पाणी तापलेलं असेल तर हेच, पोरांना तेही तितकंच आवडतं.