नागपुरातील बेघरांसाठी उबदार कपड्यांचे संकलन : विद्यार्थ्यांनी ते कसे करावे?

नागपूर म्हटले की उन्हाळाच आठवतो. पण उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला येथील डिसेंबर-जानेवारीही तितकाच जड जातो. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अशा रात्री फूटपाथवर काढणाऱ्यांसाठी विद्यार्थ्यांनी उबदार कपडे जमवणे मुळीच अवघड नाही. मात्र लोकांना नकोसे झालेले कपडे गोळा करून वाटून टाकणे वेगळे, आणि ज्याच्या अंगावर ते जाणार आहेत त्याची गरज ओळखून जमवणे वेगळे. आखणी दुसऱ्या पद्धतीनेच करावी.

म्हणून सुरुवात संकलनाने न करता विचारपूस करण्याने करावी. तीन-चार जणांच्या गटाने संध्याकाळी रेल्वे स्थानकाचा परिसर, सीताबर्डी, गणेशपेठ बसस्थानक, मेडिकल आणि मेयो रुग्णालयांचा परिसर येथे जाऊन लोकांशी बोलावे. वयाने मोठ्या माणसांना ‘काका’, ‘मावशी’ म्हणून, शेजारी बसून, काय हवे ते विचारावे. जाड रजई पाहायला चांगली, पण दिवसभर कचरा वेचणाऱ्या किंवा मजुरीला जाणाऱ्या माणसाने ती ठेवायची कोठे? त्याची सगळी मालमत्ता एका पोत्यात असते आणि रात्री तेच पोते त्याची उशी होते. त्या पोत्यात मावेल असे हलके ब्लँकेट, कानटोपी, पायमोजे आणि पूर्ण बाह्यांचा स्वेटर त्याच्या अधिक उपयोगाचा ठरतो. मेडिकलच्या आवारात गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाट अशा दूरच्या भागांतून आलेल्या रुग्णांचे नातेवाईकही उघड्यावर झोपतात. ते बेघर नसतात, तरी थंडी त्यांनाही तितकीच वाजते. माझ्या मते त्यांना यादीतून वगळू नये.

वेळापत्रक दिवाळी आणि परीक्षा पाहून ठरवावे. दिवाळीच्या साफसफाईत घरोघरी कपाटे रिकामी होतात, तेव्हाच आवाहन केले तर प्रतिसाद चांगला मिळतो. हिवाळी परीक्षांच्या काळात हाताशी माणसे नसतात, त्यामुळे कामे आधीच वाटून द्यावीत आणि थंडीचा कडाका वाढण्यापूर्वी, शक्यतो डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पहिले वाटप व्हावे. प्राचार्यांची लेखी परवानगी घ्यावी आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक असल्यास कार्यक्रम अधिकाऱ्यांना सोबत घ्यावे.

आवाहनात ‘जुने कपडे द्या’ असे मोघम लिहू नये. तसे लिहिले की साड्या, झिरझिरीत कुर्ते आणि लग्नातले कोट येतात. स्वेटर, शाल, ब्लँकेट, कानटोपी, मफलर, मोजे आणि बंद बूट हवेत, तेही धुतलेले, असे स्पष्ट सांगावे. पुरुषांचे कपडे सहसा कमी जमतात, म्हणून त्यांचा उल्लेख आवर्जून करावा. अंतर्वस्त्रे आणि मोजे शक्यतो नवेच घ्यावेत. रोख देणगी मिळाल्यास गांधीबागच्या ठोक बाजारातून ब्लँकेट घेता येतात. अशा वेळी दोन जणांनी मिळून हिशेब ठेवावा आणि पावत्या सर्वांना पाहता येतील अशा लावाव्यात.

सर्वांत जास्त वेळ वर्गीकरणासाठी राखून ठेवावा, कारण उपक्रमाचा दर्जा येथेच ठरतो. प्रत्येक कपडा उलटा करून पाहावा, चेन वर-खाली ओढून पाहावी, गुंड्या मोजाव्यात, खिसे तपासावेत. चेन बिघडलेले जाकीट थंडीत उघडेच राहते, तेव्हा ते दुरुस्त करून घ्यावे किंवा बाजूला काढावे. खरजेचे किडे कपड्यांतूनही पसरू शकतात. त्यामुळे शंका असलेले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत, आणि जे धुता येत नाहीत ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर वेगळे ठेवावेत. त्यानंतर पुरुष, स्त्रिया आणि मुले असे गठ्ठे करून मापाच्या चिठ्ठ्या लावाव्यात. आपण स्वतः जे घालणार नाही, ते दुसऱ्याला देऊ नये.

वाटप रात्री आठ-नऊच्या सुमारास, लोक झोपण्यापूर्वी करावे. गट लहान ठेवावा, जवळच्या पोलीस ठाण्याला आधी कळवावे आणि प्रत्येकाच्या घरी परतण्याची सोय आधीच ठरवावी. एकाच जागी गाडी उभी करून हाका मारल्या की झुंबड उडते आणि म्हातारी माणसे मागे राहतात. त्यापेक्षा एकेकाजवळ जाऊन दोन-तीन कपडे दाखवावेत आणि त्यांना निवडू द्यावे. वाटपाची छायाचित्रे काढू नयेत. कोणाच्या नाइलाजाचा फोटो समाजमाध्यमांवर टाकून आपले काम दाखवणे मला योग्य वाटत नाही. जमलेल्या गठ्ठ्यांचा फोटो पुरेसा आहे.

त्या फेरीत कपड्यांपलीकडची गरजही दिसेल. कोणी थरथरत असेल, बोलणे अडखळत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. एकटे मूल आढळल्यास १०९८ वर कळवावे. महानगरपालिकेच्या शहरी बेघर निवारा केंद्रांचे पत्ते पालिकेकडून आधीच घेऊन सोबत ठेवावेत आणि ज्यांची इच्छा असेल त्यांना ते समजावून सांगावेत. जबरदस्ती मात्र करू नये.

सगळे कपडे एकाच रात्री संपवण्याची घाई नको. फूटपाथवरचे सामान चोरीला जाते, भिजते, हरवते, म्हणून काही ब्लँकेट आणि कानटोप्या जानेवारीतील दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवाव्यात. त्यानंतरही उरलेले कपडे निवारा केंद्रात विचारून तेथे द्यावेत.