ब्रिटनच्या संसदीय सुधारणा अभ्यासताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे १८३२ च्या रिफॉर्म ॲक्टने ब्रिटनमध्ये लोकशाही आली असं लिहून मोकळं होणं. ओल्ड सॅरमला कोणी राहत नव्हतं तरी तिथून दोन खासदार जायचे, असे मतदारसंघ रद्द झाले आणि मँचेस्टर-बर्मिंगहॅमला स्वतःचे खासदार मिळाले, हे मोठं काम होतंच, पण शहरात मत कोणाला, तर वर्षाला किमान १० पौंड भाडं येईल एवढं घर किंवा दुकान ज्याच्याकडे आहे त्या पुरुषाला. बहुतेक कामगार बाहेरच राहिले, आणि बायकांना तर याच कायद्याने पहिल्यांदा लेखी बाहेर ठेवलं.

१८६७ आणि १८८४ च्या रिफॉर्म ॲक्टमध्ये गल्लत होते ना? १८६७ ला मत मिळालं शहरातल्या कामगाराला, १८८४ ला खेड्यातल्या, एवढं पक्कं करा, पुढचं आपोआप बसतं.

आता माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक. फक्त मतदार किती वाढले ते बघायचं आणि १८७२ चा बॅलट ॲक्ट, म्हणजे गुप्त मतदानाचा कायदा, एका ओळीत उरकायचा. त्याआधी मतदार सगळ्यांसमोर उभं राहून उमेदवाराचं नाव सांगायचा, कारकून ते पोल बुकात लिहून घ्यायचा, आणि ही बुकं बऱ्याचदा छापून विकायलासुद्धा यायची. आता विचार करा, जमीन मालकाची, घर मालकाचं, आणि मालकाला कळतंय तुम्ही कोणाला मत दिलंत, मग ते मत तुमचं कसं राहणार? गुप्त मतदान आल्यावर हा दबाव खरंच ढिला पडायला लागला.

चार्टिस्ट, म्हणजे कामगारांना मताधिकार मागणारे आंदोलक, फेल गेले असंही सर्रास लिहितात. १८३९, १८४२, १८४८ असे तिन्ही अर्ज संसदेने धुडकावले हे बरोबर, पण त्यांच्या सहा मागण्यांपैकी दरवर्षी निवडणूक ही एक सोडली तर बाकी पाचही पुढे मान्य झाल्या. त्यातलीच एक खासदारांना पगार, तो १९११ ला सुरू झाला, वर्षाला ४०० पौंड, त्याशिवाय गिरणीतला माणूस संसदेत बसून खाणार काय? त्याच वर्षी लॉर्ड्सचा, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचा, कायदे कायमचे अडवायचा नकाराधिकारही गेला, तेही विसरू नका.

आणि १९१८ ला 'सर्व स्त्रियांना मत' लिहू नका, तेव्हा तिशी पूर्ण आणि वर मालमत्तेची अट होती, पुरुषांसारखं २१ व्या वर्षी मत १९२८ ला मिळालं. तिथेही गाडी थांबवू नका, कारण पदवीधरांना विद्यापीठ मतदारसंघात जादा मत होतं, ते १९४८ च्या कायद्याने काढलं.