विश्वास मिळवायचा असेल तर या चुका टाळा

गावी परतून आंब्याची थेट विक्री, घरगुती निवास किंवा मुंबईकरांच्या बंद घरांची देखभाल असे व्यवसाय सुरू करणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या तरुणांशी सहकारी संस्थेच्या कामामुळे माझा सतत संबंध येतो. ही मुले कष्टाला कमी नाहीत आणि हिशेबातही बहुतेक जण चोख असतात. तरीही दोन-तीन हंगामांत बांधलेली गिऱ्हाइके तुटतात, भाऊबंद बोलेनासे होतात, आणि कारण विचारले तर ‘हल्ली कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही’ असे उत्तर मिळते. मला हे उत्तर मान्य नाही. दूरवर राहणारा माणूस गावच्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देतो, न पाहिलेल्या आंब्याचे पैसे आगाऊ पाठवतो, याचा अर्थ विश्वास ठेवण्याची त्याची तयारी असते. ब्रिटिश तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांनी २००२ साली बीबीसीच्या रीथ व्याख्यानांत याच प्रश्नाचा ऊहापोह केला होता. लोकांचा विश्वास कसा वाढवावा, यापेक्षा आपण विश्वासास पात्र कसे व्हावे आणि ती पात्रता इतरांना पारखता कशी यावी, हे आधी पाहिले पाहिजे, अशी त्यांची भूमिका आहे. खाली ज्या चुका सांगितल्या आहेत, त्या सगळ्या ही पारख टाळण्याच्या धडपडीतून होतात.

वाईट बातमी शेवटपर्यंत दडवणे

ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे आणि तिच्यामुळे झालेले नुकसान सर्वांत जास्त काळ टिकते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

आमच्या भागातील एका कुटुंबाचे कौलारू घर वर्षातून दोनदाच उघडत असे, गणपतीला आणि मे महिन्यात. काका मुंबईला होते. पावसाआधी घर शाकारून घेण्याचे काम त्यांनी गावातल्या पुतण्यावर सोपवले आणि कौले, रिपा व मजुरी यांसाठी पैसे पाठवले. पुतण्याने सामान वेळेवर आणले, पैशांनाही हात लावला नाही. मात्र ज्या गड्यांनी यायचे कबूल केले होते, ते दुसरीकडे मोठ्या कामाला लागले आणि मे महिना सरत आला तरी छपराला हात लागला नाही. काकांचा फोन आला की पुतण्या म्हणे, ‘काम चालू आहे काका, तुम्ही काळजी करू नका.’ शेवटी काकांनी फोटो मागितला, तेव्हा त्याने मागच्या वर्षीच्या शाकारणीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून दिला.

त्या फोटोत घराच्या मागीलदारचा फणस उभा होता. तो फणस वळवाच्या वाऱ्यात मुळासकट पडला होता, आणि तो पडल्याचे पुतण्यानेच काकांना फोनवर सांगितले होते. काकांनी आवाज न चढवता एवढेच विचारले, ‘हा फोटो कधी काढलास?’ पुतण्या ‘काल’ म्हणाला. त्यानंतर काकांनी त्या विषयावर एक शब्दही काढला नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात माजघराची मातीची भिंत भिजून फुगली आणि तिचा वरचा भाग कोसळला. भिंत पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहिली, पण घराची किल्ली शेजाऱ्यांकडे गेली आणि सामाईक बागेचा हिशेबही दुसऱ्या भावाकडे गेला.

हा प्रसंग मी नव्या मुलांना आवर्जून सांगतो, कारण यात चोरी नव्हती, लबाडीचा हेतू नव्हता आणि आळसही नव्हता. गडी मिळत नाहीत हे मे महिन्याच्या सुरुवातीला कळवले असते, तर काकांनी शेजारच्या गावातून माणसे पाहिली असती, निदान ताडपत्री घालून तेवढा पावसाळा काढला असता. उशिरा कळलेल्या बातमीने त्यांच्या हातातले हे सगळे उपाय काढून घेतले. रॉजर मेयर, जेम्स डेव्हिस आणि डेव्हिड शूरमन या अभ्यासकांनी १९९५ साली विश्वासाची जी मांडणी केली, तिच्यात समोरच्याचे कौशल्य, आपल्याविषयीची त्याची आस्था आणि त्याचा प्रामाणिकपणा या तीन गोष्टी वेगवेगळ्या धरल्या आहेत. काकांना पुतण्याच्या कामाविषयी शंका नव्हती, त्याच्या मायेविषयी तर नव्हतीच. त्या एका ‘काल’ या उत्तराने तिसरी गोष्ट गेली, आणि ती गेल्यावर उरलेल्या दोन असून नसल्यासारख्या झाल्या.

यावर माझी स्वतःची सवय अशी आहे की, काम अडल्याचे ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी संध्याकाळी संबंधितांना फोन करायचा, उपाय सापडलेला नसला तरीही. काय अडले, त्यामुळे काय बिघडू शकते आणि पुढचा फोन मी कधी करीन, एवढे तिन्ही सांगून फोन ठेवायचा. ‘आधी मार्ग काढू, मग सांगू’ असा विचार करणारे लोक बहुधा मार्ग निघेपर्यंत थांबतात आणि तो निघत नाही. फोनवर समोरचा रागावेल, हे खरे आहे. तो राग एका संध्याकाळचा असतो.

‘बघतो’, ‘होईल’, ‘येतो’

नाही म्हणणे जड जाते म्हणून आपल्याकडे ‘बघतो’ म्हणण्याची पद्धत आहे, आणि ऐकणारा त्याचा अर्थ स्वतःच्या सोयीने ‘हो’ असा घेतो. दोघेही सज्जन असतात आणि तरीही पंधरा दिवसांनी एकाला फसवल्यासारखे वाटते. कोकण रेल्वे दर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करते, पण त्यासाठी वेगळे वेळापत्रक आधीच जाहीर करते. त्यामुळे जास्त वेळ लागणार हे ठाऊक असूनही माणसे निमूटपणे तिकीट काढतात. आपणही जमणार नसेल तर ‘जमणार नाही’, आणि जमणार असेल तर वार व वेळ, असे स्पष्ट बोलावे. सुतार, गवंडी, वायरमन यांच्यापैकी जो ‘गुरुवारी दुपारनंतर’ म्हणतो आणि गुरुवारी दुपारनंतर येतो, त्याला गावात कामाची कधी वाण पडत नाही. मग त्याची मजुरी थोडी जास्त असली तरी चालते.

आपल्या हातात नसलेल्या गोष्टीची हमी देणे

आंब्याच्या थेट विक्रीत ही चूक दर हंगामात होते. नवा विक्रेता पहिल्याच गिऱ्हाइकाला सांगतो, ‘एकही फळ खराब निघणार नाही.’ हापूस ज्याने बागेत वाढवला आहे, त्याला हे वाक्य उच्चारता येऊ नये. हापूसमध्ये साका होतो. फळाचा रंग, वास, आकार सगळे निर्दोष असते आणि सुरी फिरवल्यावर आतला गर पांढरट, स्पंजासारखा निघतो. बाहेरून पाहून तो ओळखता येत नाही, अनुभवी बागायतदारालाही नाही. फळ चौदा आणे तयार असताना, म्हणजे पूर्ण तयार होण्याच्या थोडे आधी, झेल्याने म्हणजे जाळी लावलेल्या काठीने देठासकट उतरवले, उन्हात पडू दिले नाही, तर साक्याचे प्रमाण कमी राहते. ते शून्य होईल असे कोणी सांगू शकत नाही. साका न होणारे वाण हवे म्हणून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने संकरातून ‘रत्ना’ आणि पुढे ‘सिंधू’ हे वाण काढले, यावरूनच हा दोष किती मुरलेला आहे हे समजावे.

अशा वेळी हमी कशाची द्यायची, हे नीट ठरवावे लागते. माझ्या माहितीतले एक बागायतदार पेटीत हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवतात. तिच्यावर गाव, फळ उतरवल्याची तारीख आणि ‘साका निघण्याची शक्यता असते, निघाल्यास कापलेल्या फळाचा फोटो पाठवावा, तेवढी फळे पुढच्या पेटीत जास्त देऊ’ असा मजकूर असतो. पहिल्या वर्षी इतर विक्रेत्यांनी त्यांना वेड्यात काढले, आपल्याच मालाचा दोष कोण लिहून देतो म्हणून. त्यांची गिऱ्हाइके मात्र टिकली, कारण खराब फळ निघाले तेव्हा ते आधी सांगितल्याप्रमाणेच निघाले होते आणि भरपाईही सांगितल्याप्रमाणेच झाली. फळावर निसर्गाची सत्ता चालते. भरपाई आपल्या हातात असते, म्हणून हमी भरपाईची द्यावी.

याच संदर्भात भौगोलिक मानांकनाविषयीचा एक गैरसमज दूर करायला हवा. २०१८ साली हापूसला हे मानांकन मिळाले आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतल्या नोंदणीकृत उत्पादकांना ते नाव वापरण्याचा अधिकार मिळाला. ते फार मोलाचे आहे. पण मानांकन फळाच्या मुलुखाविषयी बोलते, पेटी भरणाऱ्या माणसाविषयी बोलत नाही. वरच्या थरात मोठी फळे आणि खाली बारीक फळे लावलेली पेटी मानांकनाच्या शिक्क्यासह गेली, तर शिक्क्याचीही किंमत कमी होते आणि तिचा फटका शेजारच्या प्रामाणिक बागायतदारालाही बसतो. मार्चमधला चढा भाव गाठण्यासाठी कोवळे फळ उतरवून कार्बाइडने पिकवणाऱ्यांविषयी तर मला अजिबात सहानुभूती नाही. कायद्याने त्यावर बंदी आहे, पण बंदी नसती तरी ते कृत्य गिऱ्हाइकाच्या घरातल्या मुलाबाळांशी केलेला दगाच ठरले असते.

नात्यात लिहून कशाला घ्यायचे?

लिहून मागितले की अविश्वास दाखवला, अशी समजूत घराघरांत आहे. माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. सातबाऱ्यावर दहा-बारा सामाईक नावे असलेल्या कुटुंबांत काजूचे पैसे कोणी घेतले, कुंपणाचा खर्च कोणी केला, हे ज्या घरात वहीत लिहिलेले असते, तिथे दिवाळीला सगळे एका पंगतीत बसतात. जिथे सगळे ‘आपसांत ठरलेले’ असते, तिथे ठरवणारी पिढी गेल्यावर पुढची पिढी तालुक्याच्या कोर्टात भेटते. दोघांच्याही आठवणी खऱ्या असतात आणि एकमेकींशी जुळत नाहीत.

उसनवारीतही हेच होते. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे उसन्या दिलेल्या रकमेसाठी दावा करण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते, आणि ती संपण्यापूर्वी घेणाऱ्याने देणे सहीनिशी लेखी मान्य केले तर ती नव्याने मोजली जाते. हे पुष्कळांना माहीत नसते. भिडेपोटी चार-पाच वर्षे गप्प बसलेला भाऊ शेवटी पैसेही गमावतो आणि भाऊही. म्हणून लिहून देण्याचा आग्रह पैसे घेणाऱ्यानेच धरावा. ‘दादा, तुम्ही मागितले नाही तरी मी लिहून देतो’ असे म्हणणाऱ्या धाकट्या भावाविषयी घरात वेगळाच आदर निर्माण होतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

आणखी काही, थोडक्यात

एकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला सांगून त्याच्याशी जवळीक साधू नका, कारण ऐकणारा त्याच क्षणी स्वतःच्या गोष्टी तुमच्यापासून झाकायला लागतो.

‘माझ्यावर विश्वास ठेवा’ हे वाक्य बोलण्यातून काढून टाकावे आणि त्याऐवजी पावती दाखवावी.

ज्याच्यावर काम सोपवले आहे, त्याला दर तासाला फोन करून विचारू नये. ठरलेल्या वेळी एकदा विचारावे आणि मधल्या वेळात त्याला काम करू द्यावे.

चूक झाल्यावर ‘काही चुकले असल्यास माफी असावी’ असे म्हणू नये. काय चुकले ते नाव घेऊन सांगावे.

तुटल्यावर घाई करणे

विश्वास तुटला की अधीर माणूस एखादी मोठी गोष्ट करून तो एका दिवसात परत मिळवू पाहतो. महागडी भेट देतो, चार माणसांसमोर हात जोडतो, देवळात गाऱ्हाणे घालायला लावतो. दुखावलेल्या माणसावर त्यामुळे उलट दडपण येते, कारण चारचौघांत त्याला ‘झाले गेले विसरू’ म्हणावे लागते आणि मन तर अजून तयार नसते. ज्या पुतण्याची हकिकत वर सांगितली, त्यानेही आधी काकांची मनधरणी करून पाहिली आणि तिचा काही उपयोग झाला नाही. नंतर त्याने न सांगता एक काम अंगावर घेतले. घराचे वीजबिल आणि घरपट्टी वेळेवर भरायची आणि पावतीचा फोटो त्याच दिवशी काकांना पाठवायचा, सोबत काही मजकूर लिहायचा नाही. बरेच महिने काकांचे उत्तर आले नाही, तरी त्याने पावत्या पाठवणे थांबवले नाही. पुढे एका गणपतीच्या आधी काकांनी त्याला परसातली विहीर उपसून घ्यायला सांगितले. तेवढेच सांगितले, छपराचे काम अजून दुसऱ्याकडेच आहे, आणि पुतण्यानेही ते मागितलेले नाही.