दसऱ्यानंतर यंत्रं लावण्याआधी

रत्नागिरीत हवेतल्या धूळ-धुराची यंत्रांनी मोजणी सुरू करायची तर मुहूर्त दसऱ्यानंतरचा धरा. पावसात धूळ बसलेली असते. दिवाळीआधीची पंधराएक दिवसांची नोंद हाताशी असली, तर फटाक्यांनी किती भर घातली ते दाखवता येतं.

यंत्रं आली की लगेच वाटून टाकू नका. आठवडाभर सगळी एकाच पडवीत शेजारी शेजारी ठेवा. हवा तीच असताना एखादं सतत जास्त दाखवत असेल, तर त्यावर खूण करा आणि फरक लिहून ठेवा.

जागा वाऱ्याला मोकळी हवी, पण पागोळ्यांखाली नको. उंची साधारण माणसाच्या नाकाच्या जवळपासची बरी. गच्चीवरची हवा आपण श्वासात घेत नाही. चूल, उदबत्ती आणि न्हाणीघराचा बंब लांब असू द्या. पहाटे शेजारच्या परसात बंब पेटला की आकडा झपकन चढतो, आणि सगळी वाडीच धुरात असल्यासारखं दिसतं.

आपल्याकडचा खरा घोळ खाऱ्या हवेचा. यंत्र लेझरचा प्रकाश कणांवर टाकतं आणि तो किती विखुरला त्यावरून आकडा काढतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मिठाचा कण पाणी ओढून फुगतो आणि आकडाही फुगतो. म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी आर्द्रता लिहाच, पहाटेच्या दवात तर नक्कीच.

वही मात्र यंत्राइतकीच महत्त्वाची. वेळ, वारा खारा की मतलई, आणि जवळपास काय चाललंय: कुवारबावला रस्त्याचं काम, मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं, कुठे पालापाचोळा पेटवलेला, उन्हाळ्यात शेतात भाजावळ. नुसता आकडा घेऊन नगरपरिषदेत गेलं तर पहिलाच प्रश्न येणार, ‘कशामुळे?’

घाईने स्क्रीनशॉट फिरवू नका, ही हात जोडून विनंती. २००९च्या भारतीय मानकात अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तीही २४ तासांच्या सरासरीची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ सांगितली. पाच मिनिटांचा उसळलेला आकडा या दोन्हींशी ताडता येत नाही. आणि एकदा आपला आकडा खोटा ठरला, तर दम्याने बेजार झालेल्या म्हाताऱ्यांसाठी पुढे कोणत्या तोंडाने बोलणार?

लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीकडची मंडळी सोबत येणार असतील तर त्यांना आधीच सांगा, हे यंत्र धूळ-धूर मोजतं, वायू ओळखत नाही. रसायनाचा वास नाकात बसला तरी आकडा खालीच राहू शकतो. तिथे वासाची वेगळी वही ठेवा: कधी आला, किती वेळ टिकला, डोळे चुरचुरले का. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार देताना तिची प्रत जोडा.

बाकी किरकोळ. वीज गेल्याची वेळ टिपा, मुंग्या आणि पाली आत शिरल्यात का ते पाहा, आणि शिमग्याला घर बंद करून गावी जाणाऱ्यांची यंत्रं कोण बघणार हे आत्ताच ठरवा.