नोड.जेएसमध्ये फाइल परमिशन लावताय? या चुका टाळा

नोड.जेएस (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) सुरू करताना 'परमिशन' फ्लॅग लावला, वाचायची परवानगी देणाऱ्या 'अलाऊ-एफएस-रीड'ला एक फोल्डर दिलं, आता कोड बाहेरचं काही वाचू शकत नाही, असं समजून निर्धास्त राहणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ही सोय २०२३ मध्ये नोड २० सोबत प्रायोगिक म्हणून आली. नोडचं दस्तऐवजीकरण तिला सीट बेल्टच म्हणतं: विश्वासातल्या कोडचा तोल गेला तर सावरणारी. घातकी कोड हिच्या भरवशावर चालवू नका.

पॅच लांबणीवर टाकणं ही त्याच्या खालोखालची चूक. पाथमध्ये '../' (म्हणजे एक फोल्डर वर) घालून परवानगीच्या फोल्डरबाहेर पडता येत होतं. स्ट्रिंगमधली ती पळवाट बुजवली (सीव्हीई-२०२३-३०५८४; सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटीचा जाहीर नोंद क्रमांक), तर तोच पाथ बफर (नोडमधला कच्च्या बाइट्सचा प्रकार) म्हणून दिला की चालायचा. तेही बुजवलं (सीव्हीई-२०२३-३२००४). राहिला साधा युइंट८अ‍ॅरे, जावास्क्रिप्टमधला बाइट्सचा मूळ प्रकार. बफर हा त्याचाच पोटप्रकार, पण बंदोबस्त झाला तो फक्त पोटप्रकाराचा (सीव्हीई-२०२३-३९३३२). एकच फट तीनदा उघडी पडली! त्यामुळे 'मागच्या वेळी अपडेट केलं होतं' हे उत्तर इथे पुरत नाही.

पाथमधल्या ताऱ्याचंही ('*', म्हणजे 'इथे काहीही चालेल') जपा. सीव्हीई-२०२४-२१८९० मधलं उदाहरण पाहा: '/होम/नोड/.एसएसएच/*.पब'. हे लॉगिनच्या चाव्यांचं फोल्डर. लिहिणाऱ्याला वाटतं, फक्त पब्लिक की उघडल्या. नोड मात्र ताऱ्यानंतरचं '.पब' सोडून देतं आणि गुप्त प्रायव्हेट कीसकट सगळं वाचू देतं. मोजक्याच फाइली हव्या असतील तर प्रत्येकीचं पूर्ण नाव द्या.

परवानगीच्या फोल्डरमध्ये सिमलिंक (दुसऱ्या जागच्या फाइलकडे नेणारा दुवा) असेल तर नोड तिच्यामागे बाहेरही जातं. डिप्लॉय करण्याआधी फोल्डरमधल्या सिमलिंक शोधून काढा.

अ‍ॅप सुरू होताच 'ईआरआर_अ‍ॅक्सेस_डिनाइड' आलं की घाईत सरसकट तारा दिला जातो. तसं करू नका. त्याच एररमध्ये 'रिसोर्स'समोर अडलेला पाथ छापलेला असतो, तेवढाच जोडा. दुसरे प्रोग्रॅम चालवू देणारा 'अलाऊ-चाइल्ड-प्रोसेस' तर फार विचार करून द्या, कारण त्यातून चालवलेल्या 'कॅट'ला (फाइल वाचून दाखवणारी कमांड) नोडचे नियम ठाऊकच नसतात.

खरी अडवणूक ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच करून घ्या: सेवेसाठी वेगळा युजर, आणि गुपितांच्या फाइलींवर त्याला वाचण्याचा हक्क नाही. मग त्या युजरने लॉगिन करून तीच फाइल उघडून पाहा. उघडली, तर फ्लॅग काहीही असोत, आधी ते दुरुस्त करा.